जसोंडीची हजेरी

लीलाबाईंनी चपला उंबऱ्याबाहेर काढल्या, पदराखालची वाटी चुलीजवळ ठेवली आणि पाट सोडून भिंतीला टेकून खालीच बसल्या.

"वांग्याचं भरीत केलं होतं. तुझ्या आईला आवडतं, म्हणून आणलं."

विमल उद्याच्या बैठकीचे विषय लिहून काढत होती. पहिलाच विषय होता: जसोंडी गावच्या नव्या वर्गासाठी शिक्षिका. तिनं टाक बाजूला ठेवला खरा, पण कागद मांडीवरच राहू दिला. दिवेलागण झाली होती. आई आत देवाजवळ होती.

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यातल्या मुलींच्या मराठी शाळेत लीलाबाईंना अठरा वर्षं झाली होती आणि विमलला दहा. एवढ्या वर्षांत त्या शाळेतला एकही निर्णय शाळेत झालेला नव्हता. तो व्हायचा लीलाबाईंच्या खोलीत, शनिवारी दुपारी, शेंगा सोलता सोलता. कुणाचे दिवस भरत आलेत म्हणून तिला वरच्या मजल्यावरचा वर्ग द्यायचा नाही, कुणाच्या घरी नवऱ्याचा हात उठतो म्हणून तिला उशीर झाला तर कुणी काही बोलायचं नाही, असलं सगळं तिथं कळायचं आणि तिथंच मार्गी लागायचं. आधीच्या मोठ्या बाई सोमवारी येऊन फक्त हुकूम काढायच्या. हुकमात कारण कधी लिहिलेलं नसायचं आणि कुणी विचारायचंही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे लीलाबाईंचं आवडतं वाक्य होतं आणि अर्धी शाळा त्या मुठीच्या आसऱ्यानं नांदत होती.

विमलला शिक्षकीची बी.टी. करायला नागपूरला पाठवायचं, हेही त्याच खोलीत ठरलं होतं. मोठ्या बाई निवृत्त व्हायच्या होत्या आणि संस्थेला पदवी आणि बी.टी. असलेली मुख्याध्यापिका हवी होती. लीलाबाई व्हर्नाक्युलर फायनल पास, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. त्याच म्हणाल्या होत्या, "विमलला पाठवा. तिला डोकं आहे, तोंड तेवढं नाही. ते नागपूरला फुटेल."

आणि तोंड फुटलं, हे खोटं नाही. तिथं शाळा-व्यवस्थापन शिकवणाऱ्या प्राध्यापिका दर आठवड्याला एकीला दहाजणींची प्रमुख करायच्या, तिच्याकडून खोटी-खोटी बैठक चालवून घ्यायच्या आणि मग बाकीच्या नऊजणी तिच्या चुका काढायच्या. पहिल्या खेपेला विमल वसतिगृहाच्या न्हाणीघरात जाऊन रडली. तिसऱ्या खेपेला रडली नाही. पाचव्या खेपेला तिनंच एका हट्टी मुलीला शांतपणे बोलतं केलं. त्या वर्षाची तिची वही होती, जाड पुठ्ठ्याची. तीत एक वाक्य तांबड्या शाईनं अधोरेखित केलेलं होतं: प्रमुखानं आधी ऐकावं, पण जे ऐकायचं ते सर्वांदेखत ऐकावं, आडोशाला ऐकलेलं नेहमी कुणातरी एकाच्या बाजूचं असतं.

परत आल्यावर तिनं संस्थेचे सेक्रेटरी मोतीलालशेठ यांच्यासमोर उभं राहून मुलींसाठी वेगळा संडास मागून घेतला. पूर्वी याच शेठजींना नमस्कार करताना तिचे तळवे ओले व्हायचे. शिकण्यानं माणूस बदलतं, यावर तिचा विश्वास बसला तो उगीच नाही.

"विमल, जसोंडीचं जरा बोलायचं होतं," लीलाबाई म्हणाल्या.

विमलचं मन सवयीनं पुढे झुकलं. मग तिनं ते आवरलं. जसोंडीला जायचं तर लहान वर्गांच्या दोघी शिक्षिकांपैकी एकीनं: लीलाबाईंनी, नाहीतर मंगलानं. मंगलाचं लेकरू सहा महिन्यांचं. एकीचं घरी ऐकायचं आणि दुसरीचं बैठकीत, हा न्याय नव्हता. शिवाय लीलाबाई म्हणजे तिचं स्वतःचं माणूस. म्हणून तर जास्तच जपायला हवं होतं.

"लीलाताई, उद्या बैठक आहेच. तिथंच बोलू या ना. नाहीतर मंगला म्हणेल, दोघींनी घरी बसून ठरवून टाकलं."

"चारचौघांत बोलण्यासारखं नाही गं ते."

"म्हणून तर म्हणते. आपल्या शाळेचं सगळं असं आडून आडूनच चालत आलंय. तुम्ही उद्या बिनधास्त बोला. काहीही असो, मी ऐकून घेईन. कुणी हसणार नाही, कुणी मध्ये बोलणार नाही."

हे ती अगदी मायेनं बोलली. आवाज कुठे खाली आणायचा, समोरच्याच्या डोळ्यांत कधी पाहायचं, हे तिला आता येत होतं. लीलाबाई तिच्याकडे पाहून हसल्या.

"शिकलीस हो चांगली."

त्यात टोमणा नव्हता. असता तर विमलला पुढे एवढा त्रास झाला नसता.

आई बाहेर आली तेव्हा लीलाबाई उठून गेल्या होत्या. जाताना विमलनं वाटी विसळून त्यांच्या हातात दिली होती.

"रिकामी दिलीस?" आईनं विचारलं. "चिमूटभर साखर तरी घालायचीस गं. आपल्यात कुणी रिकामं भांडं परत करतं का?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर विमलनं टेबल भिंतीला लावलं आणि चार खुर्च्या गोल मांडल्या. गोलात कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही, असं नागपूरला शिकवलं होतं. सुधाकर मास्तर हे शाळेतले एकटेच पुरुष शिक्षक, गणित शिकवायचे. ते त्या गोलाकडे पाहून म्हणाले, "पंगत बसायची आहे का?" मंगला हसली. लीलाबाईंनी खिडकीकडे पाठ येईल अशी खुर्ची घेतली.

विमलनं परिस्थिती मांडली. एक नोव्हेंबरला प्रांतांची नवी वाटणी झाली होती. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि बऱ्हाणपूर राहिलं मध्य प्रदेशात. आता कागद भोपाळला जायचे. मराठीची एक तुकडी बंद होऊन त्या जागी हिंदी येणार होती. एक शिक्षिका जास्तीची ठरत होती. जसोंडीच्या पंचांनी गावात मुलींचा वर्ग मागितला होता, तो संस्थेनं कबूल केला होता. चावडीची ओसरी मिळाली होती, मुलींची नावंही घालून झाली होती. अट एकच: बाईमाणूस हवं, आणि सोमवार ते शनिवार गावातच राहायला हवं.

"मी हुकूम काढू शकते," विमल म्हणाली. "पण मला तो काढायचा नाही. ज्याला जी अडचण असेल ती त्यानं इथं सांगावी. आपण मिळून ठरवू."

मंगलाचा बांध आधीच फुटायला आला होता. बाळ अजून अंगावर पितं, सासूबाईंना दिसत नाही, नवरा फिरतीवर, हे सगळं तिनं एका दमात सांगितलं आणि पदरानं डोळे पुसले. विमलनं मध्ये एक शब्द काढला नाही. ऐकून घेतलं, मान हलवली, आणि मग दुसरीकडे वळली.

"लीलाबाई, तुमची काही अडचण? मोकळेपणानं सांगा."

लीलाबाईंनी सुधाकर मास्तरांकडे पाहिलं. ते चाकूनं पेन्सिलीला टोक करत होते आणि सांगा की, अशा अर्थानं त्यांनी भुवया वर केल्या. मंगला आशेनं बघत होती. विमलचा चेहरा इतका खुला, इतका ऐकायला तयार होता की पाहणाऱ्याला भरून यावं.

"नाही," लीलाबाई म्हणाल्या. "मला काही अडचण नाही, बाई."

दहा वर्षांत त्यांनी विमलला 'बाई' म्हटलं नव्हतं. विमलला वाटलं, बैठकीचा मान ठेवला.

तिनं इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं आणि सह्या घेतल्या. त्या आठवड्यात तिनं नागपूरच्या प्राध्यापिकांना एक लांब पत्र पाठवलं. हुकूम न काढता, आवाज न चढवता, एका ज्येष्ठ शिक्षिकेनं स्वतःहून त्याग कसा केला ते त्यात सविस्तर होतं. प्राध्यापिकांचं उत्तर आलं, "यंदाच्या वर्गाला मी हे उदाहरण वाचून दाखवलं." विमलनं ते पत्र वहीत ठेवलं.

चार महिने गेले. लीलाबाई शनिवारी संध्याकाळी इतवाऱ्यात परत यायच्या, पण शनिवारची ती खोली आता भरत नव्हती. रविवारी विमल भेटायला गेली की त्या डोक्यावरून पांघरूण घेऊन पडलेल्या असायच्या. गालफडं वर आली होती. "पाणी मानवत नाही गावचं," त्या म्हणायच्या. विमलनं त्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं.

मार्चमध्ये मोतीलालशेठजींकडून एक अर्ज आला. वर त्यांच्या अक्षरात शेरा होता: चौकशी करून रिपोर्ट द्यावा.

अर्ज असा होता: 'माझी मुलगी कोकिळा आपल्या जसोंडीच्या वर्गात दुसरीत आहे. हजेरीच्या वेळी बाई सर्व मुलींची नावे बापाच्या नावासह पुकारतात. माझ्या मुलीचे मात्र नुसते नाव घेतात. त्यामुळे मुली तिला बिनबापाची म्हणून चिडवतात. यात आमची गावात बेअब्रू होते. सबब ह्या बाईंना काढून दुसऱ्या बाई द्याव्यात.' खाली सही, गिरधर कौतिक चौधरी.

विमलनं तो दोनदा वाचला. लीलाबाई कुणाशी दुजाभाव करतील, हे तिला पटेना. सहीतलं आडनाव लीलाबाईंचंच होतं, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. तापीकाठी चौधरी आणि केळीची खोडं मोजायला कुणी बसत नाही. लीलाबाईंच्या कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, आणि 'ते सुरतेकडे असतात' एवढं एक वाक्य त्यांनी कधीतरी सांगितलेलं होतं. त्यापुढे कुणी विचारलं नाही. न विचारणं हीच रीत, असं विमलही समजत आली होती.

ती सकाळच्या मोटारीनं निघाली, फाट्यावर उतरली आणि केळीच्या बागांमधून चालत जसोंडीला पोचली. चावडीच्या ओसरीवर बावीस मुली तरटावर बसल्या होत्या. भिंतीवर लीलाबाईंच्या वळणदार अक्षरात बाराखडी होती. त्यांनी विमलला पाहिलं, मानेनंच बसा म्हटलं आणि हजेरी चालू ठेवली.

"गंगा नथू पाटील."

"हजर बाई."

"कोकिळा भाईदास महाजन."

"हजर बाई."

"कोकिळा."

एक सावळी, दोन वेण्यांची मुलगी उठली आणि पुटपुटून खाली बसली. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. लीलाबाईंचं बोट तोवर पुढच्या ओळीवर गेलं होतं.

"कोकिळा कडू पाटील."

म्हणजे अर्जातलं खोटं नव्हतं. विमलला वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. बाजूच्या खोलीत बसून तिनं कोतवालाला चौधरींच्या घरी पाठवलं. गिरधर चौधरी केळीच्या गाडीबरोबर रावेरला गेले होते. त्यांची बायको आली. तिचं नाव गोदाबाई. तिशीतली, रापलेल्या हातांची, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती खाली बसली आणि जमिनीकडे बघत राहिली.

"अर्जावर तुमच्या घरच्यांची सही आहे," विमल म्हणाली. "तुमचं काय म्हणणं आहे? घाबरू नका."

"माह्यं काही म्हननं नही, बाई."

"मुलीला चिडवतात, हे खरं?"

"चिडवता ना. रडत येते घरी."

विमलनं कागद पुढे ओढला. जबाब लिहायचा तर रीतसर लिहायला हवा होता. "मुलीच्या वडिलांचं पूर्ण नाव सांगा."

गोदाबाईनं पदर आणखी पुढे घेतला. "लिहेल है ना त्याच्यात."

विमलला हसू आलं. दर जूनमध्ये शाळेत नाव घालताना हाच सोहळा व्हायचा. बापाचं नाव विचारलं की आया लाजून पोरीला पुढे ढकलायच्या, 'सांग गं बाई, तुह्या बापाचं नाव.' नवऱ्याचं नाव तोंडानं घेतलं तर त्याचं आयुष्य उणं होतं, हे कुणी मानो न मानो, नाव कुणी घ्यायचं नाही. "असू द्या," ती म्हणाली, "मी लिहून घेते."

ओसरीवरून बे एके बे ऐकू येत होतं. गोदाबाईनं तिकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"बाई, तुमी त्या बाईहीले कायले विचारता? मी घेत नही ते नाव. तशा त्या बी घेत नही. घेतीन कशा?"

विमलचा टाक कागदावरच थांबला.

"त्या पहिल्या," गोदाबाई म्हणाली. "मी मांगून आलेली."

ती पुढे सांगत राहिली, खाली मान घालून, स्वतःचाच गुन्हा सांगितल्यासारखी. लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही, म्हणून पहिलीला भावाकडे धाडली आणि हिला आणली. हिलाही कोकिळा झाली ती नऊ वर्षांनी. घरात एक पितळी हंडा आहे, आहेरातला, त्याच्यावर नाव कोरलेलं आहे, लीला. रोज त्याच हंड्यातलं पाणी पितात सगळे. नव्या बाईंचं नाव पोरीकडून कळलं आणि गोदाबाई दुसऱ्याच दिवशी चावडीवरून मुद्दाम गेली. "तोंड पाह्यलं आन समजलं. अर्ज मी नही देल्ला, बाई. पोरीच्या बापाले रोज इथून जा लागते, त्याची लाज वाटते. म्हनून देल्ला."

विमलला शाळेचं दप्तर आठवलं. अठरा वर्षांपूर्वी आधीच्या मोठ्या बाईंनी लीलाबाईंचं नाव लिहिताना मधली जागा मोकळी सोडली होती. विमलला ती घाईतली चूक वाटली होती आणि ती दुरुस्त करायची म्हणून तिनं बाजूला खूणही केली होती. त्या बाईंनी बी.टी. केलेलं नव्हतं. त्यांना माहीत होतं, एवढंच.

मधल्या सुटीत मुली पांगल्या. लीलाबाई खोलीत आल्या आणि विमलसमोर बसल्या. गोदाबाई बाहेर निंबाखाली जाऊन उभी राहिली होती. दोघी बायका दारात एकमेकींच्या जवळून गेल्या तेव्हा गोदाबाईनं अंग चोरून वाट दिली, हे विमलनं पाहिलं होतं.

"सांगितलं वाटतं तिनं," लीलाबाई म्हणाल्या.

विमलला स्वतःची इतकी लाज आजवर वाटली नव्हती. तरी तिनं विचारलं, "लीलाताई, मला का नाही सांगितलंत?"

"आले होते की गं."

त्यांनी ते सहज म्हटलं. विमलनं खाली पाहिलं. जबाबाचा कागद तिच्या मुठीत चुरगळला होता, तो ती मांडीवर सरळ करत राहिली.

"त्या गोलात बसून मी काय बोलणार होते?" लीलाबाई म्हणाल्या. "मास्तर होते. मंगला रडत होती. नवऱ्यानं टाकलेली आहे, त्याच्याच गावाला मला धाडू नका, असं म्हणू? आणि तू लिहिणार होतीस ते वहीत. अठरा वर्षं इतवाऱ्यात कुणाला कळू दिलं नाही. तू विचारलंस ते चांगल्या मनानं विचारलंस, ते का मला समजत नाही? पण तेव्हा 'नाही' एवढंच म्हणता येत होतं."

"मी आजच लिहिते, तक्रारीत तथ्य नाही म्हणून. आणि पहिल्या तारखेपासून तुम्ही परत शाळेत. इथं मी येईन."

"तथ्य नाही कसं? आहे की." लीलाबाईंनी पाण्याचा घोट घेतला. "ती पोर चार महिने ऐकते आहे. परवा तिनं पाटी आपटून फोडली. तिचा काय दोष आहे? आणि मी अशी रातोरात गेले तर गावात काय म्हणतील? गिरधरभाऊनं बाई घालवली. ते ती पोरच ऐकणार ना?" नाव त्यांच्या नव्हे, गावाच्या तोंडून आल्यासारखं निघून गेलं. लीलाबाईंच्याही ते उशिरा लक्षात आलं. त्यांनी पदराचं टोक ओठांवर धरलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.



"बघ," त्या शेवटी म्हणाल्या. "गेलं तोंडातून."

"मग सगळ्याच मुलींची नुसती नावं घ्या. मी तसा नियमच करते. बापाचं नाव कुणाचंच नको."

"आणि तीन कोकिळा आहेत, त्यांना काय, नंबर घालू?" लीलाबाईंना क्षणभर हसू आलं. जुन्या शनिवारचं हसू होतं ते. मग गेलं. "मलाही सुचलं होतं ते. पण तिनं काल मला विचारलं, विमल. सगळ्या गेल्यावर जवळ आली आणि म्हणाली, 'बाई, माह्या बापाचं नाव तुमाले वाचता येत नही का?' एवढंसं तोंड करून. मी म्हटलं, येतं गं. म्हणाली, 'मंग?'"

बाहेर मुली फुगडी घालत होत्या.

"त्यानं मला काही दिलं नाही. मी मागायलाही गेले नाही. पण हे कुंकू लावते, ही पोत घालते, ते लोकांसाठी. माझ्यासाठी एवढंच होतं की त्याचं नाव घ्यायचं नाही. ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे कुणी काढूनही घेऊ शकत नाही. तेवढ्यापुरती मी त्याची बायको होते. वेडेपणा आहे, मला कळतं. मुलींना शिकवते मी. पण होतं ते असं होतं."

विमलला बोलायचं होतं. नागपूरला अशा वेळी म्हणायची वाक्यं शिकवली होती, दुःख ओळखल्याचं समोरच्याला कळवणारी. त्यातलं एकही तिला तोंडात धरवेना. तिनं हात पुढे करून लीलाबाईंचं मनगट धरलं. कातडीखाली हाडच लागलं.

कोतवालानं घंटा वाजवली. लीलाबाई उठल्या, खुंटीवरचा रुमाल घेऊन त्यांनी तोंड पुसलं आणि हजेरीचं पुस्तक उचललं. दुपारची हजेरी व्हायची होती.

"मी घेते," विमल म्हणाली. तिनं हात पुढे केला. "द्या इकडे. आज मी घेते, लीलाताई."

"उद्या कोण घेईल?"

लीलाबाई बाहेर गेल्या. विमल मागोमाग दारापर्यंत आली. मुली तरटावर बसत होत्या. निंबाखालची गोदाबाई अजून घरी गेली नव्हती.

"गंगा नथू पाटील."

"हजर बाई."

"कोकिळा भाईदास महाजन."

"हजर बाई."

"कोकिळा," लीलाबाई म्हणाल्या.

सवयीनं ती मुलगी अर्धवट उठली आणि तिनं पुटपुटायला तोंड उघडलं. लीलाबाईंनी हातानं तिला थांबवलं.

"थांब. पुरं होऊ दे."

मागची रांग गप्प झाली. लीलाबाईंनी पुस्तकातून नजर काढली आणि मुलीकडे पाहिलं.

"कोकिळा गिरधर चौधरी."

आवाज बाकीची नावं घेतानाचाच होता, कमी नाही, जास्त नाही. निंबाखाली गोदाबाईनं पाठ फिरवली. कोकिळेनं आधी शेजारणीकडे पाहिलं, मग मागच्या रांगेकडे, आणि मग अख्ख्या चावडीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हजर, बाई!"

लीलाबाईंनी पुस्तकात हजेरीची खूण केली. पुढचं नाव कोकिळा कडू पाटील हिचं होतं. ती उभी राहिली. लीलाबाईंचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्यांनी घसा साफ केला, पुन्हा ओठ हलवले. कडू पाटलाची कोकिळा हात बांधून, आपलं नाव येण्याची वाट पाहत, तशीच उभी राहिली.